ब्रशला वेळ, फेसाला पाणी

दाढीचा नवा ब्रश आणायचा, आठ दिवस वापरायचा आणि ‘टोचतो, फेस देत नाही’ म्हणून कपाटात टाकून पुन्हा डब्यातल्या आयत्या फोमकडे वळायचे, हे बऱ्याच घरांत घडते. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तो नेमका चुकीच्या वेळी टाकलेला असतो. हे केस सुरुवातीचे काही आठवडे राठच असतात. गालाला टोचतात, साबण भरपूर खातात आणि फेस मात्र हात आखडून देतात. रोज भिजणे आणि रोज खडखडीत वाळणे या क्रमात महिना-दीड महिना गेला की त्यांची टोके चिरत जातात, मऊ पडतात, आणि मग तोच ब्रश पुढे कित्येक वर्षे सुरेख चालतो. फेसाचेही तसेच आहे. ट्यूब बदलली, साबण बदलला, तरी फेस धरत नाही म्हणून जो कंटाळतो त्याच्याकडे बहुतेक वेळा पाणी कमी पडत असते, नाहीतर घाईने एकदम ओतलेले पाणी नडत असते. ब्रशला पाणी मुरायला वेळ द्यावा आणि साबणाला पाणी थोडे थोडे द्यावे, एवढे साधले की साध्या एका पात्यानेही दाढी गुळगुळीत होते. ते कसे साधायचे, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी पाणी कशासाठी ते पाहू. दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड आणि कडक असतो. कोरड्या खुंटांवर पाते फिरवले तर ते कापण्याआधी केस ओढते. दाढीनंतरची आग, मानेवरची लाल पुरळ, हनुवटीखालचे ओरखडे यांचे मूळ बहुधा या ओढण्यात असते. तोच केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे राहिला की पाणी शोषून फुगतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. अडचण अशी की केसावर त्वचेच्या तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला सहज आत शिरू देत नाही. साबण हा थर काढतो, फेस पाण्याला केसाशी धरून ठेवतो आणि ब्रश हे सगळे खुंटांच्या मुळापर्यंत पोचवतो, शिवाय आडवे झोपलेले केस उभे करतो. गावातले जुने न्हावी धोकटीतून वस्तरा काढण्याआधी पाण्याच्या वाटीत बोटे बुडवून गाल, हनुवटी, ओठांवरची जागा बराच वेळ चोळत बसत. साबण असो नसो, दाढी नीट भिजल्याशिवाय वस्तरा लागत नसे. त्या चोळण्याला आज आपण जी दोन मिनिटे देत नाही, तिथेच निम्मी दाढी बिघडते.

आता ब्रश. दुकानात दिसणारे ब्रश मुख्यतः तीन प्रकारांत मोडतात: डुकराच्या राठ केसांचे, बॅजर या प्राण्याच्या केसांचे आणि कृत्रिम धाग्याचे. घोड्याच्या केसांचेही असतात, पण आपल्याकडे फारसे दिसत नाहीत. बॅजरचे केस मऊ असतात, पाणी खूप धरतात आणि महाग पडतात. हा माल बहुतांश चीनमधून येतो. डुकराचा केस कण्याला ताठ असतो, आणि त्याच्या टोकाला निसर्गतःच दोन-तीन फाटे फुटतात. पुढे मऊपणा येतो तो या फाट्यांमुळे. इटलीत बोलोन्याची ओमेगा ही कंपनी १९३१पासून ब्रश बनवते, आणि तिथल्या सलूनांतून डुकराच्या केसांचे ब्रश आजही मुख्य आहेत. दिवसभर गिऱ्हाइके करणाऱ्या कारागिराला ताठ कणा आणि मऊ टोक हे दोन्ही लागते. ज्याला दाढीची आवड आहे आणि थोडा धीर आहे, त्याने हाच ब्रश घ्यावा असे माझे मत आहे. कमी किमतीत यापेक्षा चांगला ब्रश मिळत नाही.

अनेक घरांत डुकराचे केस चालत नाहीत. कुणाचा धर्म आड येतो, कुणाचा शाकाहार. जनरल स्टोअरमधल्या स्वस्त ब्रशवर केस कशाचे आहेत हे बहुधा लिहिलेलेही नसते. शंका असेल तर ब्रशमधून गळलेला एक केस चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याच्या टोकाला टणक मणी तयार होतो. प्राण्याचा केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचा ओळखीचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ज्यांना प्राण्याचा केस नको आहे त्यांनी मन मारून काही घ्यावे अशी परिस्थिती आता उरलेली नाही. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश खरोखरच वाईट असत, जाड आणि पाणी अजिबात न धरणारे. हल्लीचा बारीक, टोकाला निमुळता केलेला कृत्रिम धागा गालाला अतिशय मऊ लागतो, पहिल्या दिवसापासून फेस देतो आणि तासाभरात वाळतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्याने, किंवा सकाळी जेमतेम दहा मिनिटे हाताशी असणाऱ्याने, पहिला ब्रश म्हणून तोच घेतला तर मी त्याला अडवणार नाही.

घेताना ब्रश हातात धरून बघा. केसांच्या गुच्छाचा बुडाशी व्यास २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असला की बहुतेक चेहऱ्यांना पुरतो. केस फार उंच असतील तर ब्रश लुळा वाटतो, फार आखूड असतील तर टोचतो. गुच्छ बोटांनी हलकेच पिळून पाहा. बुडाशी पोकळ, विरळ लागला तर तो घेऊ नका. मूठ ओल्या, साबणाच्या हातात घसरणार नाही अशी हवी. बाकी शोभा ज्याच्या त्याच्या आवडीची.

नवा ब्रश घरी आला की तो आधी धुवायचा. प्राण्याच्या केसांना सुरुवातीला एक उग्र वास असतो, तो जायला हवाच. पण नव्या ब्रशच्या स्वच्छतेमागे याहून गंभीर इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा व्यापार विस्कटला आणि त्याऐवजी घोड्याच्या केसांचे ब्रश मोठ्या प्रमाणावर बनू लागले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नसत. १९१५नंतरच्या काही वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सैनिकांना व नागरिकांना या ब्रशमधून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. दाढी करताना पडलेल्या बारीकशा जखमेतून जंतू शिरत आणि चेहऱ्यावर, मानेवर काळी खपली धरणारी गाठ येई. त्यात माणसे दगावलीही. त्यानंतर केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम आले. घरच्या शाम्पूने काळपुळीचे जंतू मरत नाहीत, म्हणून निर्माता कोण हे कळत नसलेला, उघड्यावर विकायला ठेवलेला प्राण्याच्या केसांचा ब्रश मी घेऊ नका म्हणेन. नावाजलेल्या निर्मात्याच्या ब्रशला ही काळजी नसते. तिथे धुणे असते ते वास, धूळ आणि सुटे केस काढण्यासाठी.

एका वाडग्यात कोमट पाणी आणि थोडा सौम्य शाम्पू घ्या. ब्रश त्यात बुडवून तळहातावर गोल गोल फिरवा, पिळा, धुवा, असे दोन-तीनदा करा. आठ-दहा केस गळतील, त्याने घाबरू नका. पहिले काही आठवडे रोज एखादा केस निघणे हे चालायचेच. यानंतर दाढीच्या साबणाचा दाट फेस करून तो ब्रशमध्ये तसाच भरून दोन-तीन तास ठेवला आणि मग धुतला तर वास बराच लवकर जातो. बॅजरचे केस असतील तर दोन-तीन धुण्यांत काम संपते. डुकराच्या केसांना वास सोडायला आठवडाही लागू शकतो.

खरी मुरवणी यापुढे सुरू होते, आणि ती डुकराच्या केसांनाच लागते. दाढीपूर्वी ब्रश कोमट पाण्याच्या मगात केस बुडतील एवढाच उभा ठेवा. मूठ पाण्यात बुडता कामा नये, कारण लाकडी मूठ फुगून तडकते आणि बुडाचा गोंद सैल होतो. पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटे भिजवा, पुढे तीन-चार मिनिटे पुरतात. आंघोळीला जाताना ब्रश मगात ठेवायचा आणि बाहेर आल्यावर घ्यायचा, ही सर्वांत सोपी सवय. पाणी हाताला सुखद लागेल इतपतच गरम असावे. उकळते पाणी केस ठिसूळ करते आणि गोंदही सोडवते. ब्रश ‘लवकर मऊ व्हावा’ म्हणून पाणी उकळून त्यात तो बुडवणारे त्याचे आयुष्यच कमी करतात.

न भिजवलेला डुकराच्या केसांचा ब्रश फेसातले पाणी स्वतःच पिऊन टाकतो. सुरुवातीला ‘ब्रश फेस खातो’ ही जी तक्रार असते, तिचे अर्धे कारण हेच. उरलेले अर्धे कारण म्हणजे नव्या केसांची टोके अजून पुरती फुटलेली नसतात, त्यामुळे फेस गुच्छाच्या पोटात अडकून बसतो, टोकाशी येत नाही. यावर उपाय वापराचाच. पहिले काही आठवडे दाढी करायची नसेल त्या दिवशीही संध्याकाळी एकदा ब्रश भिजवा, तळहातावर फेस काढा, दोन मिनिटे खेळवा आणि धुऊन टाका. रोज दाढी न करणाऱ्याचाही ब्रश यामुळे लवकर मुरतो, आणि फेस काढण्याचा हातही बसतो. पण दोन वापरांच्या मध्ये ब्रश पूर्ण वाळला पाहिजे. टोके चिरतात ती केस ओला होऊन फुगतो आणि वाळून आकसतो या उलाढालीतून. सतत ओला राहिलेला ब्रश मुरत नाही, कुजतो. म्हणून एकाच दिवशी चार-चारदा भिजवून घाई करण्यात अर्थ नाही. पंधरवडा उलटला की टोकांकडे बारकाईने पाहा, ती किंचित धूसर, पिसारल्यासारखी दिसू लागतात. तळहाताला लावून बघा, मधल्या कण्याचा ताठपणा तसाच असतो पण टोक बोचत नाही. तिथून पुढे फेस टोकाशी यायला लागतो.

बॅजरच्या ब्रशला असे काही करावे लागत नाही. मिनिटभर कोमट पाण्यात बुडवला की तो तयार. फक्त त्याचे केस नाजूक असतात, तो गालावर दाबून चेचला तर मधले केस तुटतात आणि गुच्छात खड्डा पडतो. कृत्रिम धाग्याला भिजवायची गरजच नाही. बुडवा, झटका, वापरा.

फेसाकडे वळण्यापूर्वी साबणाबद्दल थोडे. दाढीचे क्रीम किंवा साबण आणि अंगाचा साबण यांत फरक आहे, तो नुसता सुगंधाचा नाही. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो. त्याचा फेस भराभर होतो, फुग्यांचा असतो आणि भराभर बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त आणि त्याला पोटॅशियमच्या क्षाराची जोड असते. यातून होणारा फेस उशिरा होतो, पण बारीक कणांचा, दाट आणि टिकाऊ असतो. सोबत ग्लिसरीन असते, ते पाणी धरून ठेवते. थोडे खोबरेल तेलातले आम्ल असते, ते फेस लवकर सुरू करून देते. आपल्याकडच्या कोणत्याही साध्या ट्यूबच्या मागे घटकांची यादी वाचा, हीच नावे सापडतील. म्हणून मी महागड्या परदेशी साबणाच्या मागे लागा असे सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ट्यूबमधून अप्रतिम फेस निघतो. अंगाच्या वडीने मात्र रोज दाढी करू नये, त्याचा फेस पात्याला घसरण देत नाही.

आता मुख्य काम. भिजलेला ब्रश मगातून काढा, आपोआप गळणारे पाणी गळू द्या आणि मग दोन-तीनदा हलकेच झटका. ब्रश ओला हवा, ठिबकता नको. बदामाएवढे क्रीम घ्या. वाडग्यात घ्या, तळहातावर घ्या किंवा थेट टोकांवर, फरक पडत नाही. शिकणाऱ्याने वाडगा घ्यावा, कारण त्यात काय होते आहे ते दिसते. घरातला कोणताही पसरट, जड बुडाचा वाडगा चालतो, स्टीलचा फार घसरतो. आता पाणी न घालता अर्धा मिनिट ब्रश गोल फिरवा. घट्ट, निस्तेज लेप तयार होईल. हा फेस नव्हे, पण पुढचा सगळा फेस यातूनच निघतो. इथे घाई करून पाणी ओतले तर साबण पाण्यावर तरंगत राहतो, मोठे फुगे येतात आणि दोन मिनिटांत सगळे विरून जाते.

लेप एकसारखा झाला की ब्रशची फक्त टोके पाण्याला टेकवा, चार-सहा थेंब येतील एवढीच, आणि पुन्हा पंधरा-वीस सेकंद फिरवा. मग पुन्हा टेकवा, पुन्हा फिरवा. प्रत्येक वेळी लेपाचे रूप बदलताना दिसेल. आधी त्यात हवा शिरते, तो फुगतो, फुगे डोळ्यांना दिसतात. पुढच्या पाण्याला फुगे बारीक होत जातात. मग एका टप्प्यावर वर चकाकी येते. बहुतेक लोक या चकाकीच्या आधीच थांबतात, कारण त्या आधीचा फेस दिसायला भरघोस असतो. तो कोरडा असतो. गालावर लावला की मिनिटभरात सुकून भेगाळतो आणि पात्यात लगदा होऊन अडकतो. चकाकी आल्यावरही एक-दोनदा पाणी द्या. चक्क्यातून पाणी निथळत असताना तो घट्ट गोळा होण्याच्या थोडा आधी जसा असतो, तसा फेस हवा: ब्रश उचलला की शेंडा उभा राहावा, पण टोक किंचित वाकावे. थोडा फेस अंगठा आणि बोट यांत चोळून बघा. बोटे एकमेकांवरून न अडता सरकली पाहिजेत; अडखळली तर अजून पाणी हवे. या सगळ्याला तीन-चार मिनिटे लागतात आणि एकूण पाणी साधारण चहाचे एक ते दोन चमचे जाते. ते एकदम घातले तर बिघडते, थेंबाथेंबाने घातले तर तेवढेच पाणी कामाला येते.

हात लवकर बसावा यासाठी एक सराव मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. सुट्टीच्या दिवशी, दाढी करायची नसताना, वाडग्यात फेस काढा आणि थांबू नका. चांगला झाला असे वाटल्यावरही पाणी देत राहा. तो आणखी चमकेल, मग सैल होईल, मग पुन्हा मोठे फुगे येऊ लागतील आणि शेवटी साबणाचे पाणी होईल. वाटेत प्रत्येक टप्प्यावर बोटांत चोळून पाहा. फेस किती पाणी सोसतो याची कल्पना अशी एकदा आली की ती विसरली जात नाही, आणि बहुतेकांना कळते की आपण रोज फार लवकर थांबत होतो. साबण बदलला की हा सराव पुन्हा करावा, कारण प्रत्येक साबणाची तहान वेगळी असते.

क्रीमऐवजी घट्ट साबणाची वडी वापरत असाल तर ब्रश भिजतो आहे तोवर वडीवर चमचाभर पाणी टाकून ठेवा. ते ओतून द्या, ब्रश जरा जास्त झटका आणि वडीवर अर्धा-पाऊण मिनिट फिरवा. टोकांवर दाट लेप चढला पाहिजे. वडीवरच भुसभुशीत फेस उडू लागला तर ब्रशमध्ये पाणी जास्त आहे असे समजा. पुढची रीत तीच. वडी वापरणारे बहुतेक जण साबण फार कमी उचलतात. नव्या ब्रशने तर नेहमीपेक्षा दीडपट उचला.

आणि तरीही फेस जमत नसेल, तर नळाकडे पाहा. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा न विरघळणारा साका करतात; जेवढा साबण त्यात जातो तेवढा फेसाला कमी पडतो. धरणाचे पाणी येणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या घरांत ही अडचण सहसा जाणवत नाही. पण त्याच शहरांत सोसायटीला बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या गावात सगळी भिस्त बोअरवर असेल, तर चांगल्या हाताचाही फेस बसतो. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि आंघोळीनंतर अंग चिकट वाटते, ते पाणी फेसालाही नडणार. शंका फेडायला एक दिवस प्यायच्या प्युरिफायरमधले वाटीभर पाणी घेऊन त्यात ब्रश भिजवा आणि फेस काढा. फरक डोळ्यांना दिसला तर रोज तेच करा. दाढीला वाटीभरच पाणी लागते, चेहरा नळाच्या पाण्याने धुतला तरी चालतो. पावसाळ्यात पागोळीचे स्वच्छ पाणी मिळत असेल तर ते या कामाला फार चांगले. हे काहीच जमत नसेल तर साबण जास्त घ्या, जवळजवळ दुप्पट.

चेहऱ्यावर फेस लावताना आधी चेहरा नुसत्या कोमट पाण्याने भिजवून घ्या. आंघोळीनंतर लगेच दाढी करत असाल तर उत्तमच. सुरुवातीला ब्रश गोल फिरवा म्हणजे केस उभे राहतात आणि फेस खाली पोचतो. हनुवटी आणि ओठांवरची जागा इथे केस सर्वांत कडक असतात, तिथे अधिक वेळ द्या. ब्रश एवढाच दाबा की टोके पसरतील. बुडापर्यंत चेचू नका. मिनिट-दीड मिनिटानंतर भिंतीला रंग देतो तसे सरळ हात मारून फेस एकसारखा करा आणि मग लगेच पाते उचलू नका. थोडे थांबा. फेस तोवर गालावर सुकत असेल तर ब्रशची टोके ओली करून वरून एकदा फिरवा. मानेवर फेस ओघळत असेल तर पाणी जास्त झाले आहे किंवा साबण कमी पडला आहे. चेहरा चुरचुरत असेल तर पाणी फार गरम होते का ते पाहा. तसे नसेल तर त्या साबणातला सुगंध किंवा मेंथॉल सोसत नसावा, तो बदला.

पहिला हात केसांच्या दिशेने मारावा. दुसरा हात मारायचा असेल तर पुन्हा फेस लावल्याशिवाय मारू नये. ब्रशचा खरा फायदा इथे कळतो: चांगल्या मुरलेल्या ब्रशच्या पोटात दोन-तीन वेळा पुरेल एवढा फेस शिल्लक असतो, नव्याने काढावा लागत नाही. उलटी दाढी सगळ्यांनाच सोसते असे नाही. मानेवर केस आत वळून फोड येणाऱ्यांनी ती टाळावी. शेवटी गार पाणी, आणि हवा असेल तर तुरटीचा ओला खडा फिरवून मिनिटभराने धुऊन टाकावा.

ब्रश कुणाशीही वाटून घेऊ नका, घरातसुद्धा. सलूनमध्ये एकच ब्रश सकाळपासून सगळ्या गिऱ्हाइकांच्या गालावरून फिरत असेल तर नायटा, पूयुक्त पुरळ असे त्वचेचे आजार त्यातून पसरू शकतात. नवे पाते आपण हक्काने मागतो, तसे ब्रशबद्दलही बोलावे. ‘दादा, हातानेच फेस लावा’ एवढे म्हटले तरी कोणी नाही म्हणत नाही. नेहमीच्या सलूनमध्ये स्वतःचा ब्रश घेऊन जाणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि मला ते फार योग्य वाटते.

दाढी झाली की ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि बोटांनी केस पसरून बुडाशी अडकलेला साबण निघेपर्यंत धुवा. हा बुडातला साबण राहून राहून घट्ट होतो आणि केस तिथेच तुटतात. मग ब्रश पिळा, ओढू नका, झटका, कोरड्या टॉवेलवर चार-सहा वेळा फिरवा. उभा ठेवायचा की उलटा टांगायचा यावर लोक बराच वाद घालतात, पण दोन्ही चालते. मोकळी हवा मिळणे महत्त्वाचे. ओला ब्रश त्याच्या प्लास्टिकच्या नळीत कधीही बंद करू नका. प्रवासात नाइलाज असेल तर मुक्कामी पोचताच बाहेर काढा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत, न्हाणीघरात ठेवलेला ब्रश चोवीस तासांतही वाळत नाही. तो बाहेर, खिडकीजवळ किंवा पंख्याखाली ठेवा. रोज दाढी करणाऱ्याने पावसाळ्यापुरते दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर दोन्ही टिकतात. बुरशीचा कुबट वास येऊ लागलेला, बुडाशी काळे ठिपके धरलेला ब्रश मात्र टाकून द्यावा. चेहऱ्याच्या बाबतीत काटकसर नको.

जड पाण्याच्या गावात ब्रशवर साक्याचा पांढुरका थर बसतो आणि मुरलेला ब्रशही पुन्हा राठ वाटू लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग कोमट पाणी एकत्र करून त्यात केस पाच मिनिटे बुडवा, हलवा, मग थोड्या शाम्पूने धुऊन वाळवा. याहून तीव्र काही वापरू नका.

सुरुवातीचे आठवडे उलटल्यावरही रोज केसांच्या बटा निघत असतील तर गुच्छाची बांधणीच कच्ची आहे. दुकानदाराला परत करणे हाच उपाय. पण केस शाबूत असून अख्खा गुच्छच मुठीतून निघून हातात आला, तर तो ब्रश फेकू नका. हे जुन्या, चांगल्या मुरलेल्या ब्रशचेही होते, कारण गोंद केसांआधी संपतो. मुठीच्या खोबणीतला आणि गुच्छाच्या बुडाचा जुना गोंद पात्याने खरवडून काढा, दोन्ही भाग दोन दिवस पूर्ण वाळू द्या, अराल्डाइटसारखे दोन ट्यूबांचे चिकटद्रव्य कालवून खोबणीत थोडेसे भरा, गुच्छ सरळ बसवा आणि चोवीस तास हात लावू नका. चिकटद्रव्य केसांवर चढू देऊ नका, कारण तिथले केस ताठ होऊन तुटतात. त्यानंतर पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे भिजवा, मूठ पाण्याबाहेर ठेवूनच.